पिशवीपासून ग्रामसभेपर्यंत

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त सोलापूर येथे शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



ग्राहक संरक्षण कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या घटनेच्या स्मरणार्थ आपण हा दिवस पाळतो. या दिवशी वजन, माप, किंमत, भेसळ आणि फसवणूक यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. आज मात्र मी थोडा वेगळा विषय आपल्यापुढे मांडणार आहे. जो ग्राहक निसर्गाची काळजी घेऊन खरेदी करतो, कापडी पिशवी घेऊन बाजारात जातो, पत्रावळीवर जेवण वाढतो, घरात शाडूचा गणपती आणतो, तो तेवढ्यानेच पर्यावरणाच्या सार्वजनिक कार्यात सहभागी होतो काय? की तसे करून तो आपल्या मनाचे समाधान तेवढे करून घेतो? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर आपल्या गावांचे आणि शहरांचे आरोग्य बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

कापडाच्या गावातील प्लॅस्टिक

हा प्रश्न सोलापुरात विचारण्याला विशेष औचित्य आहे. हे कापडाचे गाव आहे. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, त्यांच्या भोंग्यांवर शहराचे घड्याळ चालू लागले, आणि काळाच्या ओघात त्या बंदही पडल्या. परंतु पूर्व भागातील मागांनी शहराचा धागा तुटू दिला नाही. येथील चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. एकदा घेतलेली सोलापुरी चादर घरात एक पिढी टिकते आणि विरल्यावरही ती फेकली जात नाही. तिचे पायपुसणे होते, नाहीतर ती गोधडीच्या पोटात जाते. वस्तू पुरवून पुरवून वापरण्याचा हा संस्कार आपल्याला कोणी परदेशातून येऊन शिकविलेला नाही.

असे असूनही त्याच शहराच्या आणि जिल्ह्याच्या बाजारांतून आपण भाजी आणतो ती पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार रुपये, दुसऱ्यास दहा हजार आणि तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिने कारावास अशी तरतूद तीत होती. १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनानेही एकदाच वापरून टाकून द्यावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी घातली. कायदे झाले, दंडाच्या भीतीने काही महिने पिशव्या दिसेनाशा झाल्या, आणि मग हळूहळू, गाजावाजा न करता, त्या परतल्या. असे का व्हावे, याचा विचार मी बरीच वर्षे केला नव्हता. तो मला एका भाजीवाल्या बाईने करावयास लावला.

एका बाजाराची हकीकत

मी या जिल्ह्यातील एका मोठ्या गावी माध्यमिक शाळेत शिक्षक होतो. गावाचा आठवडी बाजार आजूबाजूच्या दहा-बारा खेड्यांना जोडणारा. बाजाराला जाताना माझ्या खांद्यावर नेहमी कापडी पिशवी असे. माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची शिवलेली. तिचा मला अभिमान होता. वर्गात प्लॅस्टिकविषयी बोलताना मी ती पिशवी विद्यार्थ्यांना दाखवीतही असे. २०१८ च्या दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी मी नेहमीच्या भाजीवालीकडे मेथी घेतली. तिच्या पाटीखाली प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा पुन्हा दिसू लागला होता. मी तिला शिक्षकी थाटात चार शब्द सुनावले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली,

"गुरुजी, तुमची पिशवी लई झ्याक. पन तुमच्यासारखी धा गिऱ्हाइकांत दोनच. बाकीची आठ रिकाम्या हातानं येत्यात. त्येस्नी न्हाई म्हनलं, तर ती शेजारच्या पाटीवर जात्यात. मग म्या एकटीनंच उपाशी ऱ्हायचं व्हय? आन् ह्यो पाला बगा. सांच्याला ह्यो कुटं टाकायचा, ते सांगा आदी."

तिच्या दोन्ही प्रश्नांना माझ्याजवळ उत्तर नव्हते. एका विक्रेत्याने पिशवी नाकारली तर गिऱ्हाईक तुटते. सर्वांनी एकाच दिवशी नाकारली तर कोणाचेच तुटत नाही. म्हणजे हा प्रश्न एकेकट्याच्या सद्भावनेने सुटणारा नव्हता, तो सामुदायिक निर्णयाने सुटणारा होता. दुसरा प्रश्न तर खरेदीशी संबंधितच नव्हता. बाजारतळावर उरलेला पालापाचोळा टाकण्यास जागा नव्हती. तो प्लॅस्टिकसह ओढ्याच्या काठी ढकलला जाई आणि तेथे जनावरे तो पिशव्यांसकट खात.

मी विचारले, "मावशी, हे तुम्ही ग्रामपंचायतीत का सांगत नाही?" ती हसली. "माजं गाव तिकडं पल्ल्याड. हितं माजं मत न्हाई, गुरुजी. मत तुमचं हाय."

बंधुभगिनींनो, आजच्या माझ्या साऱ्या भाषणाचे सार त्या बाईने त्या एका वाक्यात सांगितले. जिला अडचण होती तिला त्या गावात मत नव्हते. ज्याला मत होते तो आपली पिशवी भरून, समाधानाने घरी जात होता. त्या गावी मी चौदा वर्षे राहिलो होतो, मतदार होतो, आणि एकाही ग्रामसभेला गेलो नव्हतो.

महाराष्ट्राची जुनी शिकवण

खरेदी आणि सार्वजनिक कार्य यांचा संबंध काय असावा, हे महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवून दिले आहे. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक 'सार्वजनिक काका' म्हणत, त्यांनी १८७२ मध्ये स्वदेशी वस्त्रे वापरण्याचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते हाताने विणलेल्या खादीच्या पोषाखात उपस्थित राहिले. एवढेच त्यांनी केले असते तर एक व्रतस्थ गृहस्थ म्हणून त्यांची आठवण राहिली असती. परंतु व्रत घेण्याच्या दोन वर्षे आधीच, १८७० मध्ये, त्यांच्या पुढाकाराने पुणे सार्वजनिक सभा स्थापन झालेली होती. त्या सभेचा सभासद होण्यासाठी किमान पन्नास लोकांनी सही केलेले मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे तेथे माणूस स्वतःपुरता बोलत नसे; पन्नासांच्या वतीने बोलत असे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात याच सभेने परिस्थितीची माहिती गोळा करून सरकारपुढे निवेदने ठेवली. काकांच्या अंगावरची खादी आणि हातातले निवेदन या एकाच विचाराच्या दोन बाजू होत्या.

सोलापूरकरांना तर हे वेगळे सांगावयास नको. १९३० च्या सविनय कायदेभंगात विदेशी मालावरील बहिष्कार हा चळवळीचा एक भाग होता. पण बहिष्कार घालून सोलापूर घरी बसले नाही. याच वर्षी नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला, मे महिन्यात शहरात लष्करी कायदा जारी झाला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे फासावर गेले. दुकानात घेतलेला निर्णय आणि नगरपालिकेच्या इमारतीवरील ध्वज यांच्यामधील अंतर त्या पिढीने आपल्या पायांनी चालून संपविले.

स्वातंत्र्यानंतरचे उदाहरण ग्राहक पंचायतीचे. १९७० नंतरच्या दशकात टंचाई, साठेबाजी आणि भेसळ यांनी सामान्य माणूस त्रस्त झाला असता बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहकांना संघटित करण्याचे कार्य हाती घेतले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. प्रसिद्ध गायक-संगीतकार सुधीर फडके हेही त्या कार्यात अग्रभागी होते. तिची पद्धत सोपी होती. शेजारची काही कुटुंबे एकत्र येत, महिन्याच्या वाणसामानाची एकत्रित मागणी नोंदवीत, माल घाऊक भावाने येई, आणि त्याचे वाटप त्याच कुटुंबांतील स्त्रीपुरुष करीत. यात चार पैसे वाचत हे खरेच. परंतु खरा लाभ निराळा होता. महिन्यातून एकदा शेजारी एकत्र बसू लागले, हिशेब मांडू लागले, मालाच्या दर्जाविषयी प्रश्न विचारू लागले. ज्यांना डाळीच्या दर्जाविषयी एकत्र प्रश्न विचारण्याची सवय लागली, तेच पुढे ग्राहकांच्या हक्कांसाठी शासनाकडे आणि न्यायासनाकडे जाऊ शकले.

या तीनही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. खरेदीची सवय एकट्याची राहिली तर ती शील ठरते, आणि चौघांची झाली, सभेत बोलू लागली, म्हणजे ती नागरिकत्व ठरते.

अभ्यासक काय सांगतात

या विषयावर अलीकडे परदेशांत बराच अभ्यास झाला आहे. २०१० मध्ये कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या नीना मझार आणि चेन-बो झाँग या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना पर्यावरणपूरक वस्तूंची खरेदी करावयास लावली होती, ते नंतरच्या एका खेळात इतरांपेक्षा कमी उदारपणे आणि कमी प्रामाणिकपणे वागले, असे त्यांना आढळले. एक सत्कृत्य केले की दुसऱ्यापासून सूट मिळाली, असे मन मानते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. पुण्य पदरी पडले की पाप करण्यास मोकळीक मिळते, ही समजूत आपल्याला अपरिचित नाही. परंतु २०१९ मध्ये झेक प्रजासत्ताकातील संशोधकांनी असाच प्रयोग तीन वेळा करून पाहिला, आणि खरेदीनंतर माणूस अप्रामाणिक होतो असे त्यांना दिसले नाही.

दुसरीकडे, अमेरिकेतील मार्गारेट विलिस आणि ज्युलिएट शोर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, विचारपूर्वक खरेदी करणारी माणसे सार्वजनिक आणि राजकीय कार्यातही अधिक सहभागी असतात. खरेदीमुळे सार्वजनिक कार्य मागे पडते, ही भीती त्यांच्या पाहणीतून खरी ठरली नाही. अर्थात, खरेदीने नागरिक घडविला की जागरूक नागरिकच विचारपूर्वक खरेदी करतो, हे अशा पाहणीतून निश्चित होत नाही.

आपण या अभ्यासांतून काय घ्यावे? माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे एवढेच, की हिरवी खरेदी माणसाला आपोआप बिघडवीत नाही आणि आपोआप नागरिकही बनवीत नाही. ती उंबरठा आहे. उंबरठ्यावरून बाहेर पाऊल टाकता येते आणि त्यावर बसून राहताही येते. मी चौदा वर्षे बसून राहिलो होतो.

वस्तू घेताना घ्यावयाची सावधगिरी

खरेदीचे महत्त्व कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. मात्र ती डोळसपणे व्हावी. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये पिशव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. हवामानावरील परिणामापुरते पाहिले तर नवीन सुती पिशवी साध्या प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येण्यासाठी सुमारे १३१ वेळा वापरावी लागते, असे तीत दिसून आले. कारण उघड आहे. कापूस पिकविण्यास पाणी, खत व औषधे लागतात. सूत कातण्यास आणि कापड रंगविण्यास ऊर्जा लागते. म्हणून प्रत्येक समारंभात घोषवाक्य छापलेल्या नव्या पिशव्या वाटणे आणि त्या कपाटात साठविणे याला पर्यावरणरक्षण म्हणता येणार नाही. प्लॅस्टिकचा ओढ्यानाल्यांना आणि जनावरांना होणारा उपद्रव वेगळाच आहे, तो या हिशेबात येत नाही. तरीही धडा एकच आहे: जुन्या लुगड्याची, धोतराची, चादरीची पिशवी शिवावी आणि ती फाटेपर्यंत वापरावी.

दुसरी सावधगिरी नावाविषयी. पर्यावरणाला कमी हानिकारक असलेल्या वस्तू ओळखता याव्यात म्हणून भारत सरकारने १९९१ मध्ये 'इकोमार्क' योजना सुरू केली आणि तिचे चिन्ह म्हणून मातीचे मडके निवडले. चिन्ह किती समर्पक! परंतु ते मडके फारच थोड्या वस्तूंवर दिसले, कारण ग्राहकांनी ते मागितले नाही आणि उत्पादकांना त्याची गरज भासली नाही. उलट, 'हरित' आणि 'निसर्गस्नेही' अशी लेबले मात्र वाढली. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास मार्गदर्शक तत्त्वे जारी करावी लागली. आपल्या लग्नसमारंभांतील पत्रावळीच पाहा. पळसाच्या पानांची, काडीने टाचलेली पत्रावळ उकिरड्यावर काही दिवसांत मातीत मिळते. आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेली 'कागदी' पत्रावळ मिळत नाही. नखाने कोपरा खरवडून पाहिल्यास हा फरक लहान मुलालाही कळतो.

दुकानात न सुटणारे प्रश्न

आता त्या प्रश्नांकडे येतो, जे कितीही शहाणपणाने खरेदी केली तरी दुकानात सुटत नाहीत.

पहिला कचऱ्याचा. प्लॅस्टिकची बाटली रस्त्यावर फार वेळ पडून राहत नाही, कारण कचरावेचक ती उचलतात; तिला भंगारात भाव आहे. पातळ पिशवी कोणी उचलत नाही, कारण किलोभर वजन भरण्यास शेकडो पिशव्या वेचाव्या लागतात आणि त्याही मळलेल्या असतात. म्हणून तीच गटारात अडकते, तीच ओढ्यात साचते आणि तीच गाईच्या पोटात जाते. सोलापुरात २०१० नंतरच्या दशकात तुळजापूर रस्त्यावर शहराच्या कचऱ्यापासून जैववायू आणि वीज निर्माण करणारा प्रकल्प उभा राहिला. अशा प्रकल्पातील जिवाणू ओला कचरा पचवितात, प्लॅस्टिक पचवीत नाहीत. ते आधी बाजूला काढावे लागते. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले ते याच कारणाने. पण घरात दोन डबे ठेवले आणि गाडीत दोन्ही एकत्र ओतले गेले, तर गृहिणीचे श्रम वाया जातात. ती गाडी कशी यावी, हे दुकानदार ठरवीत नाही. ते प्रभागात, नगरपालिकेत आणि ग्रामपंचायतीत ठरते.

दुसरा पाण्याचा. आपला जिल्हा अवर्षणप्रवण आहे. शाळू हे या मातीचे पीक. पावसाळ्याने जमिनीत मुरविलेल्या ओलीवर ते हिवाळ्यात वाढते, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. शहरातील कुटुंबांनी आवर्जून ज्वारी विकत घेतली तर कोरडवाहू शेतकऱ्याला आधार मिळेल आणि थोड्या पाण्याच्या पिकाला मान मिळेल. अशी खरेदी अवश्य करावी. पण भीमेवरील उजनी धरणाचा साठा उणे पातळीत जातो, तेव्हा पिण्याला किती, उसाला किती, नदीत किती आणि केव्हा सोडावयाचे, हे किराणा दुकानात ठरत नाही. ते कालवा सल्लागार समितीत, अंदाजपत्रकात आणि लोकप्रतिनिधींच्या बैठकांत ठरते. भाकरी खाऊन ते बदलता येणार नाही. तेथे आपला आवाज पोहोचवावा लागेल.

त्या गावात पुढे काय झाले

मी माझी हकीकत अर्धवट सोडली होती. भाजीवालीच्या त्या वाक्यानंतर मी ग्रामसभेला गेलो. पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. ग्रामसभेला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. आमच्या एवढ्या मोठ्या गावात शंभर माणसे जमली नाहीत. त्या दिवशी मला कोणावर रागावता आले नाही, कारण मागच्या चौदा वर्षांतील गैरहजरांमध्ये मीही होतोच. पुढच्या सभेला मी एकटा गेलो नाही. महिला बचत गटाच्या काही भगिनी, दोन सहकारी शिक्षक आणि बाजारात नेहमी भेटणारे शेजारी असे आम्ही मिळून गेलो. ग्रामपंचायत दरवर्षी बाजार वसुलीचा लिलाव करते. आम्ही एवढेच मागितले, की लिलावाच्या अटींत दोन कलमे घालावीत: बाजार उठल्यावर पालापाचोळा वेगळा उचलून खतखड्ड्यात टाकणे ही ठेकेदाराची जबाबदारी राहील, आणि पातळ पिशव्या बाजारतळावर कोणत्याच विक्रेत्याकडे नसाव्यात. दुसरे कलम सर्वांना एकाच दिवसापासून लागू व्हावे, असा आमचा आग्रह होता. कारण भाजीवालीचा पहिला प्रश्न आम्ही विसरलो नव्हतो. बचत गटाने जुन्या कापडाच्या पिशव्या शिवून बाजाराच्या तोंडाशी दहा रुपये अनामत घेऊन देण्याची तयारी दाखविली. पिशवी परत केली की पैसे परत.

ठराव झाला. पहिले वर्ष चांगले गेले. ओढ्याचा काठ दिसू लागला. दुसऱ्या वर्षी ठेकेदार बदलला, करारातील कलम तसेच राहिले, पण ते कोणी विचारीना. पिशव्या पुन्हा डोकावू लागल्या. तेव्हा बचत गटातील एका भगिनीने महिला सभेत करार वाचून दाखविण्याची मागणी केली आणि काम पुन्हा मार्गावर आले. हे मी यशाची कथा म्हणून सांगत नाही. ठराव हा रोपासारखा असतो; लावून भागत नाही, दर सभेला पाणी घालावे लागते, एवढेच मला त्यातून समजले.

आपल्याकडून अपेक्षा

आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती यातील काही ना काही आहे.

शिक्षकांना माझी विनंती अशी की, विद्यार्थ्यांना 'प्लॅस्टिक वापरू नका' एवढेच सांगून थांबू नका. मी तसे सांगत होतो आणि ते अपुरे होते. मुलांना बाजारात न्या. पिशवी कोठून येते, कोण विकतो, संध्याकाळी कोठे जाते, याची नोंद करावयास लावा. ती नोंद ग्रामपंचायतीला द्या. आपल्या वहीतील आकडा सभेत वाचला जातो, हे ज्या मुलाने एकदा पाहिले, त्याला नागरिकशास्त्राचा धडा पाठ करावा लागत नाही.

अधिकारी बंधूंनी हे ध्यानात घ्यावे, की गावातील सर्वांत मोठा ग्राहक बहुधा एखादे कार्यालय, शाळा किंवा पंचायतच असते. बैठकीतील पाण्याच्या बाटल्या, समारंभातील फलक, कार्यक्रमातील ताटे-वाट्या यांची खरेदी आपल्या सहीने होते. एका कार्यालयाने धातूचे पेले आणि पळसाच्या पत्रावळी घेण्याचे ठरविले, तर त्याचा परिणाम शंभर कुटुंबांच्या निश्चयाइतका होतो. आणि नागरिक ठराव घेऊन येतील तेव्हा त्यांना 'पाहू' असे उत्तर न देता, काय झाले आणि काय राहिले हे पुढील सभेत सांगितले, तर ते पुन्हा येतील.

पंचायत सदस्यांनो, आपल्या जिल्ह्यात एक हजाराहून अधिक ग्रामपंचायती आहेत आणि अनेक गावांत आठवडी बाजार भरतो. बाजाराच्या लिलावाची कागदपत्रे पुढच्या वेळी जरा निवांत वाचा. त्यातील दोन ओळी बदलल्याने जे साधते, ते शंभर भाषणांनी साधत नाही. आणि त्यात माझे आजचे भाषणही धरावे.

समारोप

सोलापूरकर ज्या सिद्धेश्वरांच्या नावाने दर संक्रांतीला एकत्र येतात, त्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना बरोबर घेऊन, श्रम करून तलाव खोदला, अशी परंपरा सांगते. त्यांना आपल्या घरापुरता आड खोदता आला असता. त्यांनी तलाव खोदला. आड खणणाऱ्याची तहान भागते. तलाव खणणाऱ्याच्या मागे गाव उभे राहते.

कापडी पिशवी हा आपला आड आहे. तो जरूर खणावा, स्वच्छ राखावा. पण येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा भरेल, तेव्हा ती पिशवी खांद्याला लावूनच तेथे जा. आणि ज्यांना त्या गावात मत नाही, त्यांच्या वतीने एक प्रश्न विचारा.